मालवणला पाण्याखाली फोटो काढायचाय? मोबाईल बुडवण्याआधी हे वाचा

संत तुकाराम नगर (पिंपरी), प्रतिनिधी :

दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी जवळ आली की वल्लभनगर एसटी स्टँडवर कोकणच्या गाड्यांना गर्दी होते. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशन स्टँडच्या जवळच असल्यानं लोकांची सोय झाली आहे. चाकण, भोसरी, तळवडेच्या कंपन्यांत कामाला असलेली खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरची पोरं ग्रुप करून निघतात. बरोबर घरची मंडळी, लहान मुलंही असतात. जायचं ठिकाण बहुतेकांचं एकच, मालवण-तारकर्ली. तिथं सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे खायचे आणि पाण्याखाली जाऊन फोटो काढायचा. हा शेवटचा कार्यक्रम आता इतका ठरलेला झालाय, की तो फोटो स्टेटसला नसला तर मालवणला गेल्यासारखं वाटतच नाही.

हौस चांगली आहे. पण या हौसेत दर सुट्टीला कुणाचा ना कुणाचा मोबाईल जातो. आणि आपल्याकडं मोबाईल म्हणजे नुसता फोन राहिलेला नाही. पीएम किसानचा ओटीपी त्याच्यावर येतो, ई-पीक पाहणी त्याच्यावरून होते, डेअरीचा हिशोब, बँक, पोरांचा अभ्यास, सगळं त्यातच. बारा-पंधरा हजारांचा फोन एका फोटोपायी खाऱ्या पाण्यात गेला, तर नुसते पंधरा हजार जात नाहीत, पुढचे पंधरा दिवस घरातलं कामही अडतं.

म्हणून कमी पैशात आणि फोन न घालवता पाण्याखालचा फोटो कसा काढायचा, कुठला मार्ग कुणासाठी बरा, ते या लेखात नीट बघू. किमती अंदाजे दिल्या आहेत. दुकान, हंगाम आणि गर्दी बघून त्या वरखाली होतात, तेव्हा निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

आधी ठरवा, किती खोल जाणार?

दुकानात किंवा ऑनलाइन काही शोधण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. पाण्यातला फोटो तीन प्रकारचा असतो.

पहिला, कमरेइतक्या पाण्यात. किनाऱ्यावर उभं राहून, स्विमिंग पूलमध्ये किंवा रिसॉर्टवर. इथं कॅमेरा एक-दीड फुटापेक्षा जास्त खाली जात नाही.

दुसरा, स्नॉर्केलिंग. तोंडाला नळी, डोळ्याला मास्क, अंगात लाइफ जॅकेट आणि आपण पाण्यावर पालथे तरंगत खाली बघायचं. कॅमेरा हातभर खाली जातो, म्हणजे जास्तीत जास्त एक मीटर.

तिसरा, स्कूबा. पाठीवर सिलिंडर, बरोबर प्रशिक्षक आणि खाली जायचं. नवख्या माणसाला साधारण पाच ते दहा मीटरपर्यंत नेतात.

या तिन्ही गोष्टींना लागणारं सामान वेगळं आहे. दीडशे रुपयांत पहिलं काम भागतं, पण त्याच सामानावर तिसरं काम करायला गेलात तर फोन गेलाच म्हणून समजा.

पाण्याचा दाब म्हणजे काय, गोणीच्या हिशोबात

दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो. आपला मोबाईल साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्याच्या एका बाजूचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं.

एक मीटर खाली गेलं की त्या स्क्रीनवर दहा किलोचा भार पडतो. दहा मीटर खाली गेलं की शंभर किलोच्या वर. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. म्हणजे दहा मीटरवर तुमच्या मोबाईलवर दोन गोण्यांपेक्षा जास्त भार असतो, आणि तो सगळ्या बाजूंनी असतो. हा दाब पाण्याला प्रत्येक फटीतून आत ढकलायला बघतो. चार्जिंगचं भोक, स्पीकरची जाळी, सिमचा खण, जिथून जमेल तिथून.

म्हणून "माझा फोन पावसात भिजला तरी काही झालं नाही" हे ऐकून कुणी फोन समुद्रात घालू नये. पाऊस वरून पडतो, दाबत नाही.

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे", खरंच का?

फोनच्या खोक्यावर आयपी आणि पुढं दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा बघा.

आकडा ४ असेल (उदा. आयपी ५४ किंवा ६४) तर फक्त शिंतोडे सहन होतात. बुडवायचा नाही.

आकडा ७ असेल (आयपी ६७) तर एक मीटर पाण्यात तीस मिनिटांपर्यंत टिकला, असं चाचणीत दिसलेलं असतं.

आकडा ८ असेल (आयपी ६८) तर एक मीटरपेक्षा जास्त, पण नेमकं किती ते कंपनी सांगते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनला दीड मीटर, तीस मिनिटं. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या बऱ्याच आयफोनना सहा मीटर, तीस मिनिटं.

आता यातली मेख ध्यानात घ्या. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर होते. समुद्राचं पाणी खारं असतं, लाटा आदळतात आणि आपला फोन दोन वर्षांत चार वेळा पडलेला असतो. एकदा स्क्रीन बदलली, मागची काच उघडली, की कंपनीत बसवलेला चिकट थर निघालेला असतो. त्यानंतर तो आयपीचा आकडा तुमच्या फोनला लागू नाही.

दुसरी गोष्ट. खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असलं तरी पाण्यानं झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. फोनच्या आत एक छोटी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो. लाल दिसली की बोलणं संपलं.

थोडक्यात, आयपी ६८ हा अपघातात पडल्यावर वाचण्यासाठी आहे. मुद्दाम समुद्रात न्यायला नाही.

दीडशे ते पाचशेचं प्लास्टिक पाऊच

सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. मालवणच्या किनाऱ्यावरही मिळतं, पिंपरी मार्केटलाही मिळतं. गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी, वर चाप किंवा फिरकीचं कुलूप. पहिल्या दोन प्रकारांसाठी, म्हणजे किनारा आणि स्नॉर्केलिंगसाठी, हे चालतं. स्कूबाला चालत नाही, कारण खाली पिशवी दाबानं फोनला चिकटते, बटणं आपोआप दाबली जातात आणि शिवणीतून पाणी शिरू शकतं.

घेताना तीन गोष्टी बघा. चाप दुहेरी आहे का, कडेची शिवण रुंद आणि सरळ आहे का, आणि फोन ठेवल्यावर थोडी हवा राहते का. आत हवा राहिली तर पाऊच हातातून सुटलं तरी तरंगतं. पाण्यावर तरंगलेला फोन परत मिळतो, तळाला गेलेला मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. घरीच चाचणी घ्या. पाऊचमध्ये फोन न ठेवता कोरडा टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, बरोबर एक लहान दगड ठेवा म्हणजे ते बुडेल. चाप लावा आणि पाण्याच्या बादलीत किंवा गोठ्यातल्या हौदात अर्धा तास तळाशी ठेवा. बाहेर काढून आधी पाऊच बाहेरून पुसा, मग उघडा. कागद जराही ओला असेल तर पाऊच फेकून द्या. दीडशे रुपये गेले, पंधरा हजार वाचले. ही चाचणी नवीन पाऊचवर तर करायचीच, पण गेल्या वर्षीचं जुनं पाऊच असेल तर आवर्जून करायची. वर्षभर घडी घालून ठेवलेलं प्लास्टिक घडीवर चिरतं.

पाण्यात गेल्यावर अजून एक अडचण येते. टच चालत नाही. आपल्या बोटातल्या विजेच्या बारीक बदलावर स्क्रीन काम करते, आणि सगळीकडं पाणीच असलं की तिला बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही. म्हणून पाण्यात जायच्या आधी हे करून ठेवा :

कॅमेरा उघडून ठेवा. सेटिंगमध्ये आवाजाच्या बटणानं फोटो निघेल असं करा, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय असते. स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवून पाच-दहा मिनिटं करा. सगळ्यात सोपं म्हणजे बाहेर असतानाच व्हिडिओ सुरू करायचा आणि मग पाण्यात जायचं. नंतर त्या व्हिडिओतून हवा तो फोटो काढून घ्यायचा.

आत वाफ धरू नये म्हणून औषधाच्या किंवा बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची छोटी पुडी फोनबरोबर ठेवा. गरम हवेत बंद केलेलं पाऊच गार पाण्यात गेलं की आतून धुकं धरतं आणि सगळे फोटो पांढरे येतात. शक्यतो सावलीत, पंख्याखाली पाऊच बंद करा.

आणि एक सांगतो. पाऊचमध्ये घरातला मुख्य फोन घालू नका. कपाटात जुना फोन पडलेला असतो, त्याचा कॅमेरा चालू असला तर तोच न्या. सिम काढून ठेवा. गेला तरी बँक आणि ओटीपी शाबूत.

भाड्यानं ॲक्शन कॅमेरा

आपल्यात दोन एकरासाठी कुणी रोटाव्हेटर विकत घेत नाही. तासावर आणतो, काम झालं की पैसे देतो. कॅमेऱ्याचं गणित तसंच आहे.

ॲक्शन कॅमेरा म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, मजबूत कॅमेरा. गोप्रो हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. गोप्रो हिरोचे अलीकडचे बहुतेक मॉडेल वेगळ्या खोक्याशिवाय दहा मीटरपर्यंत पाण्यात जातात. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ अठरा मीटरपर्यंत, तर ॲक्शन ५ प्रो वीस मीटरपर्यंत जातो. नवीन घ्यायला गेलं तर वीस-पंचवीस हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढं जातं.

पण पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात कॅमेरे भाड्यानं देणारी दुकानं आहेत. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडंही चौकशी करता येते. भाडं दिवसाला साधारण पाचशे ते हजार धरा, डिपॉझिट वेगळं.

हिशोब बघा. तीन दिवसांसाठी सहाशेप्रमाणे भाडं झालं अठराशे. चार कुटुंबं मिळून चालली असतील तर प्रत्येकी साडेचारशे. उलट पंचवीस हजारांचा कॅमेरा विकत घेऊन वर्षातून एकदा वापरला, पाच वर्षं टिकला, तरी एका सहलीला पाच हजार पडले. विकत कधी परवडतो? ज्याला व्हिडिओचं चॅनेल चालवायचंय, लग्नाची कामं घ्यायचीत किंवा स्वतः तो भाड्यानं द्यायचाय, त्याला.

भाड्यानं घेताना एवढं करा. दुकानातच कॅमेऱ्याचा चारी बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ काढा, असलेले ओरखडे दुकानदाराला दाखवा. डिपॉझिटची पावती घ्या. मूळ आधार कार्ड ताब्यात देऊ नका. आधारच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, त्याची प्रत द्या. पाणी शिरलं तर भरपाई कोण करणार, हे आधीच विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. बॅटऱ्या दोन मागा, एक साधारण तासभर चालते.

बॅटरीच्या झाकणाचा वायसर बघा

पाण्यात नेता येणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याचा जीव त्याच्या रबरी वायसरमध्ये असतो. फवारणी पंपाचं आपल्याला माहीत आहे. वायसरखाली मातीचा एक खडा आला की औषध पाठीवर गळतं. इथंही तसंच. झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस राहिला, तर तेवढ्या वाटेनं पाणी शिरतं.

म्हणून बॅटरी आणि कार्ड खोलीतच टाका, बीचवर झाकण उघडू नका. बंद करण्याआधी रबरावरून स्वच्छ कोरडा कपडा फिरवा. झाकण बंद झाल्यावर कट्ट असा आवाज येतो तो ऐका. कॅमेरा पाण्यात तरंगत नाही, म्हणून तरंगणारा दांडा मागा किंवा दोरी मनगटाला बांधा.

तीन-चार हजारांचे "फोर के" कॅमेरे

ऑनलाइन सेलमध्ये तीन-चार हजारांत वॉटरप्रूफ "फोर के" कॅमेरे दिसतात. सोबत प्लास्टिकचं पारदर्शक खोकं येतं, त्यावर तीस मीटर लिहिलेलं असतं. यातले बरेच खरे फोर के नसतात. कमी दर्जाचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. उन्हात ठीक दिसतं, पाण्याखाली उजेड कमी झाला की चित्र फुटतं आणि हलतं. मुलांच्या हातात द्यायला, स्विमिंग पूलला चालेल. पण "फोर के" वाचून भुलू नका, आणि घेतलाच तर खोक्याची चाचणी वर सांगितली तशी कागद घालून करा.

रीळवाले, एकदाच वापरायचे वॉटरप्रूफ कॅमेरेही असतात. कोडॅकचा स्पोर्ट आणि फुजीचा क्विकस्नॅप मरीन. दोन्हीत २७ फोटो निघतात. कोडॅकचा पंधरा मीटर, फुजीचा दहा मीटरपर्यंत जातो. बुडाला तरी दुःख नाही हा त्याचा फायदा. पण आपल्याकडं ते सहज मिळत नाहीत, आणि रीळ धुवून स्कॅन करण्याचा खर्च वेगळा. फोटो कसा आला ते घरी आल्यावरच कळणार. जुन्या कॅमेऱ्याची हौस असेल त्यानं घ्यावा, बाकीच्यांना महागच पडतो.

स्कूबावाल्याचाच कॅमेरा, बहुतेकांसाठी हाच मार्ग

आता कामाची गोष्ट. मालवण-तारकर्लीत स्कूबा करायला गेलात तर बहुतेक ठिकाणी फोटो आणि व्हिडिओ त्याच पैशात असतो. पाण्याखाली एक जण तुम्हाला धरतो, दुसरा कॅमेऱ्यानं शूटिंग करतो. हंगामानुसार माणशी पाचशेपासून दोन हजारांपर्यंत दर सांगतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्वतःचं स्कूबा केंद्रही आहे. गोव्यात ग्रँड आयलंडला स्कूबा करतात, तिथंही हाच प्रकार चालतो.

पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यानं स्वतःचा कॅमेरा खाली नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोंडानं श्वास घ्यायचा, कानाचा दाब सोडायचा, प्रशिक्षकाच्या खुणा बघायच्या, एवढंच काम नवख्याला पुरून उरतं. त्यात हातात कॅमेरा आला की लक्ष त्याच्याकडं जातं.

पैसे देण्याआधी मात्र हे विचारून घ्या :

फोटो-व्हिडिओ दरात आहे की वेगळा? किती मिनिटांचा मिळेल? ग्रुपचा एकच की प्रत्येकाचा वेगळा? मूळ फाइल देणार की व्हॉट्सॲपवर पाठवणार?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून बारीक होतो, आणि पाण्याखालचं चित्र मुळातच धूसर असल्यानं चेहरा ओळखू येत नाही. मूळ फाइल मागा. पाच मिनिटांचा साधा एचडी व्हिडिओ एक जीबीच्या आसपास भरतो, फोर के असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणून जाण्याआधी फोनमधली गुड मॉर्निंगची चित्रं पुसून पाच-सहा जीबी जागा करा, नाहीतर चारशे-पाचशेचा मोबाईलला लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह न्या. व्हॉट्सॲपशिवाय मार्गच नसेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, त्यात दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. आणि फाइल उघडून बघितल्याशिवाय तिथून हलू नका. संध्याकाळी पाठवतो म्हणालेला व्हिडिओ गर्दीच्या दिवसात राहून जातो.

फोटो हिरवा-निळा का येतो?

फोटो बघून बरेच जण म्हणतात, कॅमेरा खराब होता. कॅमेऱ्याचा दोष नसतो. पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच मीटरच्या आसपास लाल रंग जवळपास दिसेनासा होतो, त्यानंतर नारिंगी जातो. राहतो तो हिरवा आणि निळा. म्हणून लाल टी-शर्ट खाली गेल्यावर काळपट दिसतो. पिवळा किंवा पांढरा कपडा बरा दिसतो.

चांगला फोटो यायला चार गोष्टी :

जवळून काढा. हात पुढं करून जेवढं अंतर होतं तेवढंच. मधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ. झूम करू नका.

सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत काढा. सूर्य डोक्यावर असला की उजेड खाली पोचतो.

फ्लॅश बंद ठेवा. पाण्यातल्या कणांवर उजेड पडून फोटोभर पांढरे ठिपके येतात, रात्री गाडीचा लाइट धुक्यात मारल्यावर दिसतं तसं.

नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ निवडा. पावसात नद्यांचं गढूळ पाणी समुद्रात येतं आणि समुद्रही खवळलेला असतो. मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत मालवणला हे खेळ बंदच असतात.

एक सूचना कायद्याची. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली दिसणारं प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी तो जिवंत प्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याखाली त्याला वाघाइतकं वरच्या अनुसूचीत संरक्षण आहे. फोटोसाठी त्याच्यावर उभं राहू नका, तुकडा तोडून आणू नका.

खारं पाणी लागलं तर

कॅमेरा असो की पाऊच, बाहेर आल्यावर तो तसाच वाळवू नका. पाणी उडतं, मीठ राहतं आणि मीठ रबर कापतं, पत्रा खातं. गोड्या पाण्याच्या बादलीत झाकण बंद ठेवूनच दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग पुसून सावलीत वाळवा. नंतरच झाकण उघडा.

फोन खाऱ्या पाण्यात पडलाच तर लगेच बंद करा. चालू होतोय का ते बघायला बटण दाबू नका, चार्जरला तर अजिबात लावू नका. ओल्या फोनमध्ये वीज गेली की उरलेलं पण जातं. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका म्हणजे ओटीपी चालू राहतील. तांदळात ठेवण्याचा उपाय सोडून द्या. तांदूळ आतलं मीठ काढू शकत नाही, उलट त्याची पूड भोकात जाते. त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडं न्या आणि "समुद्राचं पाणी" असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो उघडून आतून साफ करेल. दोन दिवस थांबलात तर आत हिरवा गंज चढतो.

फोटोपेक्षा माणूस मोठा

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा बोटीत बसताना लाइफ जॅकेट अंगात असलंच पाहिजे, फोटोत जाड दिसतो म्हणून काढायचं नाही. बोटीला परवाना आहे का आणि किती माणसांचा आहे, हे विचारायला लाजू नका. जास्त माणसं भरली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा साधी सर्दी असेल तरी स्कूबा करू नका. दारू पिऊन तर पाण्यात उतरायचंच नाही. अडचणीच्या वेळी ११२ आणि समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि हे आपल्या घराजवळही लागू आहे. पाऊच गळ्यात आलं की पोरं विहिरीत, धरणात, पावसाळ्यात ओढ्यात उतरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीत कोसळून चार जण दगावले. वाहत्या पाण्यात फोन हातात धरला की एक हात कमी होतो, आणि वाचायला दोन्ही हात लागतात. पाऊचची चाचणी बादलीत घ्या, नदीत नको.

मग कुणी काय करावं?

फक्त किनाऱ्यावर खेळायचंय, लहान मुलं बरोबर आहेत : चांगलं दुहेरी चापाचं पाऊच आणि जुना फोन. खर्च तीन-चारशे.

स्नॉर्केलिंग करायचंय, ग्रुप मोठा आहे : भाड्याचा ॲक्शन कॅमेरा. खर्च वाटून घेतला तर प्रत्येकी चारशे-पाचशे.

पहिल्यांदा स्कूबा : स्कूबावाल्याचा कॅमेरा. वेगळा खर्च नाही, फक्त मूळ फाइल मागून घ्या आणि तिथंच उघडून बघा.

दरवर्षी जाणार किंवा त्यातून कमवायचंय : मगच विकत घ्यायचा विचार करा, आणि घेण्याआधी एकदा तोच कॅमेरा भाड्यानं वापरून बघा.

घरातला रोजचा फोन मात्र लॉकरमध्ये किंवा किनाऱ्यावर थांबलेल्या आईकडं, मावशीकडं ठेवा. किनाऱ्यावरचा घरच्यांचा फोटो काढायला तो कुणाकडं तरी असायलाच हवा.